कृत्रिम सूर्य येईल तेव्हा येईल, बोअरचं काय?



आज पिकाची नोंद नाही. गेले काही दिवस शेतकरी ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. चीनने कृत्रिम सूर्य पेटवला, समुद्राच्या पाण्यातून वीज निघणार, पाच-दहा वर्षांत वीज फुकट. त्याखाली एका तरुण पोराने विचारलं होतं, "मग आत्ता सौरपंपाचा अर्ज कशाला भरायचा? थोडं थांबलेलं बरं ना?"

प्रश्न चांगला आहे, त्याची चेष्टा करू नका. माझं मत आधीच सांगतो, मग कारणं. फ्यूजन खोटं नाही. त्यावर देशाने पैसा खर्च करावा याच मताचा मी आहे. पण त्याच्या भरवशावर शेतातला एकही निर्णय पुढे ढकलू नये. आणि ते उद्या आलं तरी आपली मुख्य अडचण ते सोडवणार नाही, कारण आपली अडचण वीज तयार होण्याची नाहीच.

आधी प्रकार समजून घेऊ

आपल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज होते. तिथे युरेनियमचा जड अणू फोडतात. फ्यूजनमध्ये उलटं. हायड्रोजनसारखे हलके अणू एकमेकांत मिसळून हेलियम करायचा. सूर्यात हेच चालतं. दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातलं सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं. तुमचा ऊस, माझी तूर, सगळं त्याच्यावरच वाढतंय.

एक गंमत बघा. सूर्याच्या पोटात, अगदी मध्यभागी, एका घनमीटरमागे तयार होणारी उष्णता फक्त पावणेतीनशे वॅटच्या आसपास आहे. चांगलं तापलेल्या कंपोस्टच्या ढिगाच्या पंगतीतलं हे काम. सूर्य एवढा तळपतो तो जोरामुळे नाही, आकारामुळे. ढीग प्रचंड मोठा आहे, एवढंच.

आता माणसाला हेच यंत्र एखाद्या इमारतीत बसवायचंय. सूर्याच्या संथ गतीने चालवलं तर चहासुद्धा व्हायचा नाही. म्हणून सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश तापमान आहे, तर इथे १५ कोटी अंश लागतं. एवढा तापलेला वायू कुठल्याच भांड्यात मावत नाही, भिंतीला लागला की थंड होतो. म्हणून त्याला चुंबकाच्या जोरावर मध्येच अधांतरी धरून ठेवायचं. या यंत्राला टोकामॅक म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे इंधनाच्या बारक्या गोळीवर चहूबाजूंनी लेझर मारून ती क्षणात दाबायची.

मेसेजमधला चीनचा "सूर्य" म्हणजे असंच एक टोकामॅक. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी तापलेला वायू १,०६६ सेकंद धरून ठेवला. पुढच्याच महिन्यात फ्रान्समधल्या एका यंत्राने १,३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटं धरला. काम मोठं आहे यात शंका नाही. पण दोन्ही ठिकाणी वीज तयार झाली नाही, तो त्या प्रयोगांचा हेतूच नव्हता. बैल जुवाखाली उभा राहायला शिकला, नांगरट अजून व्हायची आहे.

आपल्या युनिटमध्ये मोजू

बातमीत मेगाज्यूल लिहितात आणि आपण गप्प बसतो. ३.६ मेगाज्यूल म्हणजे एक युनिट, एवढं लक्षात ठेवा, मग सगळं आपल्या मीटरवर येतं.

५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत पहिल्यांदा असं झालं, की गोळीवर २.०५ मेगाज्यूल लेझर पडला आणि गोळीतून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आले. घातल्यापेक्षा जास्त निघालं. इतिहास घडला, हे खरंच आहे. पण ३.१५ मेगाज्यूल म्हणजे एक युनिटसुद्धा नाही. पाच एचपीची मोटर त्यावर पाव तासही चालत नाही. आणि तो लेझर पेटवायला विजेच्या लाइनमधून घेतले होते सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट. तेवढ्यात तीच मोटर कागदावर २२ तास चालते. "घातल्यापेक्षा जास्त" हे गोळीपुरतं खरं, मीटरपुरतं नाही.

इंग्लंडमधलं जेट नावाचं टोकामॅक ऑक्टोबर २०२३ मध्ये, बंद व्हायच्या आधी, विक्रम करून गेलं. पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल, आणि इंधन खर्च झालं ०.२ मिलिग्रॅम. चांगल्या प्रतीचा दोनेक किलो कोळसा जाळल्यावर जेवढी उष्णता मिळेल, तेवढी चिमटीत न येणाऱ्या इंधनातून. फ्यूजनचं आकर्षण नेमकं हे आहे. पण ६९ मेगाज्यूल म्हणजे १९ युनिट, तीही उष्णतेची. पाच एचपीच्या सौरपंपाला साधारण ४,८०० वॅटचे पॅनल असतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते वीसेक युनिट देतात, सरळ विजेची. जगातला विक्रम आणि बांधावरचे पॅनल, एका दिवसाच्या हिशोबात बरोबरीला येतात.

शास्त्रज्ञांना कमी लेखायला हे लिहीत नाही. ते यंत्र प्रयोगाचं होतं, पुरवठ्याचं नव्हतं. आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते कळावं म्हणून सांगितलं.

कुंडीतला प्रयोग आणि शिवारातलं बियाणं

शेतीवाल्यांना टप्प्यांची भाषा समजते. नवा वाण आधी कुंडीत, मग संशोधन केंद्राच्या प्लॉटवर, मग चार-पाच ठिकाणच्या चाचण्या, मग प्रमाणित बियाणं, मग आपल्याकडे. को ८६०३२ उसातला ८६ हा आकडा १९८६ सालचा आहे. शिवारभर तो वाण दिसायला त्यापुढे दहा-पंधरा वर्षं गेली. आणि तो फक्त ऊस होता.

फ्यूजन आज कुंडीतून प्लॉटवर निघालंय. प्लॉट म्हणजे दक्षिण फ्रान्समधला इटर प्रकल्प. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, कोरिया आणि भारत असे सात भागीदार. करार २००६ चा. ५० मेगावॅट उष्णता आत घालून ५०० मेगावॅट बाहेर काढायची हे उद्दिष्ट. सुरुवात २०१६ ला व्हायची होती, मग २०२५ ठरलं. २०२४ मध्ये नवं वेळापत्रक आलं. त्यानुसार संशोधनाची सुरुवात २०३४ ला आणि खऱ्या इंधनावरचं काम २०३९ ला. आणि लक्षात घ्या, इटर एक युनिटही वीज विकणार नाही. तो प्लॉटच आहे. वीज देणारं केंद्र त्याच्या पुढच्या पायरीवर.

अमेरिकेतल्या खासगी कंपन्या यापेक्षा लवकरची तारीख देतात. एकीने २०२८ पासून मायक्रोसॉफ्टला वीज द्यायचा करार केलाय. दुसरीकडून २०३० च्या दशकात २०० मेगावॅट घ्यायचं गूगलने कबूल केलंय. नवे चुंबक खरोखर ताकदीचे आहेत, त्यामुळे यंत्र लहान होऊ शकतं. त्यांना यश येवो. पण या करारांत आपल्याला बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे पहिला गिऱ्हाईक कोण. संगणकांची गोदामं चालवणाऱ्या कंपन्या. त्या महाग वीज घेऊ शकतात, चोवीस तास घेऊ शकतात, करार वर्षानुवर्षांचा करू शकतात. शेवटच्या डीपीवरचा शेतकरी त्या रांगेत कितवा असेल, तुम्हीच सांगा.

तारखांबद्दल आपल्याच माणसाचं उदाहरण आहे. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. वीसेक वर्षांत फ्यूजनची ऊर्जा ताब्यात येईल असा अंदाज त्यांनी भाषणात मांडला होता. भाभांसारखा माणूस हे बोलला होता. त्याला आता सत्तर वर्षं होऊन गेली. हुशारी कमी पडली नाही, काम अवघड निघालं.

"इंधन फुकट" म्हणजे वीज फुकट नव्हे

समुद्राच्या पाण्यातून इंधन, हे अर्धं खरं. लागतात दोन प्रकारचे हायड्रोजन. एक ड्यूटेरियम, तो एका घनमीटर पाण्यात ३३ ग्रॅम सापडतो, कधी संपणार नाही. दुसरा ट्रिटियम, तो निसर्गात जवळजवळ नाहीच. जगातला नागरी साठा काही दहा किलोंचा, तोही मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून निघालेला. आणि १,००० मेगावॅट फ्यूजन उष्णता वर्षभर चालवायला लागतो सुमारे ५५ किलो. वर ठेवून दिला तर १२.३ वर्षांत निम्मा होतो. जुन्या बियाण्याची उगवणशक्ती जाते तसं.

मग उपाय काय? यंत्राच्या भिंतीत लिथियम बसवायचं. फ्यूजनमधून सुटलेला न्यूट्रॉन त्याच्यावर आदळला की नवा ट्रिटियम तयार होतो. म्हणजे पेरलेल्या दाण्यामागे एकाहून थोडा जास्त दाणा परत आला पाहिजे, नाहीतर पुढच्या हंगामाला बी नाही. हे पूर्ण चक्र अजून कुठल्याही फ्यूजन यंत्रात चालवून दाखवलेलं नाही. माझ्या मते तापमानाच्या विक्रमापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि मेसेजमध्ये तो कधीच नसतो.

शिवाय विहिरीचं पाणी फुकट असतं, पण मोटर, केबल, पाइप आणि रिवायंडिंग फुकट नसतं. फ्यूजन केंद्राचा खर्च इंधनाचा नाही, यंत्राचा आहे. ते न्यूट्रॉन भिंतीला झोडपत राहतात, भाग बदलावे लागतात, निघालेले भाग काही दशकं किरणोत्सारी राहतात. अणुभट्टीसारखा वितळण्याचा धोका नाही, हजारो वर्षं टिकणारा कचरा जवळजवळ नाही, ही मोठी जमेची बाजू. पण स्वस्त असेल असं आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

समजा, आलं. मग?

आता खरा मुद्दा. समजा २०५० ला फ्यूजन आलं आणि वीज रुपयाला युनिट झाली. शेतीचं काय होईल? तीन हिशोब करू.

पहिला, युरिया. आज युरियातलं नायट्रोजन पकडायला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून येतो, आणि तो वायू आपण मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा तर किलोमागे ५०-५५ युनिट लागतात. ४५ किलोच्या एका गोणीला साडेचार किलो हायड्रोजन, म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे युनिट. पाच रुपये युनिटने नुसत्या विजेचे अकराशे-बाराशे रुपये. आपण गोणी घेतो २६६ रुपये ५० पैशांना, बाकीचं सरकार भरतं. वीज रुपयाला आली तर मात्र गणित बसायला लागतं. (युरियाला कार्बनही लागतो, तो आज त्याच वायूतून मिळतो. तेव्हा कदाचित दुसरी नायट्रोजन खतं पुढे येतील.) हा फायदा खरा आहे, मी तो मान्य करतो.

दुसरा, समुद्राचं पाणी गोडं करून शेतीला. एका घनमीटरला तीन-चार युनिट. घाटावर साडेपाचशे मीटर चढवायला आणखी दोन. पाटपाण्यावरच्या उसाला हंगामात २,००० मिलिमीटर धरा, म्हणजे एकरी ८,००० घनमीटर. झाले ४४ हजार युनिट. रुपयाने धरलं तरी एकरी ४४ हजार रुपये फक्त पाण्याचे, कालवा आणि पाइपलाइन वेगळी. शहराच्या नळाला चालेल, उसाला नाही.

तिसरा, मोटर. आणि इथे २०५० ची वाट बघायची गरजच नाही. कारण साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना आपल्या राज्यात २०२४ पासून वीजबिल माफ आहे. आपल्यापुरती वीज फुकट झालेलीच आहे! मग प्रश्न सुटला का? आठवडा दिवसाचा आणि आठवडा रात्रीचा सुटला का? रात्री दोनला दारं धरताना पायाखाली साप आणि उसात बिबट्या, हे थांबलं का? डीपी ६३ केव्हीएचा आणि त्याच्यावर मोटारी शंभर एचपीच्या, व्होल्टेज पडून वायंडिंग जळतंय, ते थांबलं का? डीपी जळाला की पीक वाळेपर्यंत वाट बघावी लागते, ते थांबलं का?

नाही. कारण हे प्रश्न तारेचे, रोहित्राचे, वेळापत्रकाचे आहेत. वर फ्रान्सचा सूर्य जोडा नाहीतर कोयनेचं पाणी, शेवटच्या दोन किलोमीटरची लोंबणारी तार तीच.

आणि त्याहून खोल प्रश्न बोअरचा. पंजाबात शेतीला १९९७ पासून फुकट वीज आहे. आज तिथे वर्षाला जमिनीत मुरतं त्याच्या दीडपटीहून जास्त पाणी उपसलं जातं. तिथे निदान गाळाची जमीन आहे, खाली खोल पाणी आहे. आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा. पाणी असतं ते फटींत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. त्याच्या खाली कितीही ताकदीची मोटर सोडा, दगड पाणी देत नाही. ऊर्जा जेवढी स्वस्त, तेवढी फट लवकर कोरडी. पाण्याचा हिशोब न बसवता आलेली अमर्याद वीज ही आपल्याकडे वरदान नाही, उपसा आहे.

मग फ्यूजनवर खर्च करू नये का?

करावा. "गरीब देशाला कशाला हवेत हे धंदे" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य नावाचं टोकामॅक १९८९ पासून चालू झालं, नंतर तिथेच दुसरं मोठं यंत्र उभं राहिलं. इटरला थंड निर्वात ठेवणारं जे प्रचंड पिंप आहे, सुमारे ३० मीटर उंच आणि तेवढंच रुंद, ते आपल्याकडे सुरतजवळ हजिऱ्याला तयार करून तुकड्यांनी फ्रान्सला गेलं. दवाखान्यातला घातक कचरा प्लाझ्माने नष्ट करायचं तंत्रही त्याच गांधीनगरच्या संस्थेने विकसित केलं. आज आपण त्या पंगतीत बसलो नाही, तर उद्या यंत्र विकत घ्यावं लागेल आणि किंमत दुसरा ठरवेल. संकरित बियाण्यात हे आपण बघतोच आहोत.

पण संशोधनाचा पैसा आणि शेवटच्या डीपीचा पैसा हे एकमेकांचे वैरी नाहीत. वैरी आहे ती "आता येतंच आहे" ही भाषा. तिच्यामुळे आजचं काम उद्यावर जातं.

त्या तरुणाला उत्तर

दादा, थांबू नकोस. अर्ज भर. "मागेल त्याला सौरपंप" योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५. दिवसा पाणी देता येणं हाच मोठा नफा. फक्त पॅनल लावलास म्हणून एचपी वाढवू नकोस, आणि पॅनलच्या जोडीला ठिबक कर. बोअरची पातळी दर महिन्याला दोरी सोडून मोज आणि वहीत लिही. गावात फीडरवरच सौर प्रकल्प होत असेल तर ग्रामसभेत जागेचा विषय अडवू नका, सगळ्या फीडरला दिवसा वीज मिळायची ती वाट आहे.

आणि पुढच्या वेळी "कृत्रिम सूर्य" असा मथळा आला की तीन प्रश्न विचारा. मीटरपासून मीटरपर्यंत किती युनिट घातले आणि किती निघाले? सलग किती वेळ चालला? ट्रिटियम कुठून आणला? तिन्हीची उत्तरं आली, तर मला नक्की पाठवा, मीही आनंदाने पुढे पाठवीन. आली नाहीत, तर मेसेज वाचा, शास्त्रज्ञांना मनातून शुभेच्छा द्या आणि फुटवॉल तपासायला जा.

तुमच्या बोअरची या महिन्याची पातळी आणि तुमच्या फीडरला दिवसा मिळालेले तास, दोन्ही आकडे गावाच्या नावासह खाली लिहा. पंचवीस-तीस गावांचे आकडे जमले की तक्ता करून इथेच टाकतो. तालुक्याला बोलायला जाताना तोच हातात घेऊन जाऊ.

#शेतनोंदी #वीज #भूजल